बचत गटातल्या बाईचं ‘मी’पण कसं अभ्यासायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएसडब्ल्यूची, समाजशास्त्राची, मानसशास्त्राची मुलं-मुली मला सारखं काही ना काही विचारत असतात, कधी फोनवर, कधी मेसेज करून, कधी थेट घरी येऊन. विषय फिरून तोच. मंडळात, संघटनेत, गटात जी माणसं असतात त्यांच्या आत काय चालतं, ती स्वतःला कोण समजतात, हे अभ्यासायचं कसं. मी बरीच वर्षं बचत गटांमध्ये फिरतेय, त्यामुळे उत्तरं तिथलीच आहेत. गावांची आणि बायकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, का ते प्रश्न १६ मध्ये आहे.

१. सब्जेक्टिव्हिटी म्हणजे नक्की काय? मराठीत कुठला शब्द वापरू?

शब्दकोशात ‘व्यक्तिनिष्ठता’ मिळेल, पण तो शब्द ऐकला की लोकांना वाटतं ज्याचं त्याचं मत, बाकी काही नाही. आपल्याला हवंय ते वेगळं आहे. बाई स्वतःला कोण समजते, कशाच्या जोरावर समजते, तिला कशाची लाज वाटते, कशाची हिंमत होते, कुठे ती स्वतःला करणारी मानते आणि कुठे ‘माझ्या नशिबी आलं’ म्हणून सोडून देते, हे सगळं मिळून. मी ‘आत्मभान’ आणि ‘कर्तेपण’ हे दोन शब्द जोडीनं वापरते. नुसतं आत्मभान म्हटलं की ती एकटी बसून विचार करतेय असं चित्र उभं राहतं, आणि बाई तर भाकरी थापता थापता, हप्त्याचे पैसे मोजता मोजता घडत असते. नुसतं कर्तेपण म्हटलं तर तिनं काय केलं तेवढंच दिसतं, करताना पोटात गोळा आला होता ते राहून जातं.

२. पण हे सायंटिफिक आहे का? आमचे गाईड म्हणतात की मोजता येत नाही ते सोडून द्या.

गाईडना सांगा की विल्यम स्टीफन्सन नावाच्या माणसानं १९३५ मध्येच यावर ‘क्यू’ नावाची पद्धत मांडली होती, आणि तो मानसशास्त्रज्ञ तर होताच पण मुळात फिजिक्स शिकलेला होता. माणसाचा स्वतःचा दृष्टिकोन पद्धतशीरपणे मांडता येतो, दुसऱ्याच्या दृष्टिकोनाशी ताडून बघता येतो, आकडेमोडसुद्धा करता येते, हा त्याचा मुद्दा. ती पद्धत कशी वापरायची ते प्रश्न ११ मध्ये सविस्तर आहे. आणि मोजणं हा एकच मार्ग नाही. तुम्ही कुणाशी, कुठे, किती वेळा बोललात, काय विचारलं, ती काय म्हणाली आणि त्यावरून तुम्ही अमुक निष्कर्ष का काढला, हे सगळं वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. ते उघड असलं की काम शास्त्रशुद्ध, ते झाकलेलं असलं तर टक्केवारी टाकूनही काही उपयोग नाही, असं माझं ठाम मत आहे.

३. ही गोष्ट एकेकीची असते की अख्ख्या गटाची?

दोन्ही, आणि एकीतून दुसरी निघते. फर्नांडो गोन्सालेस रे म्हणून एक क्युबन मानसशास्त्रज्ञ होते (१९४९ ते २०१९), पुढे ब्राझीलमध्ये काम केलं त्यांनी. त्यांनी वैयक्तिक आणि सामाजिक अशी दोन्ही नावं घेतली, पण एकमेकांपासून तोडली नाहीत. आपल्याकडे हे बघायला लांब जायला नको. ज्या गटात पहिल्या वर्षी कुणाचं तरी कर्ज बुडलं आणि बायकांनी आपापसात वर्गणी काढून बँकेला भरलं, त्या गटाची एक हवा तयार होते. नवीन आलेली बाई त्या प्रसंगाला हजर नसते, तरी महिन्या-दोन महिन्यांत तीही त्याच ठसक्यात बोलायला लागते. तो ठसका तिचाही असतो, गटाचाही.

४. बचत गटच का घ्यायचा? गणेश मंडळ, भजनी मंडळ, हाउसिंग सोसायटी चालेल का?

चालेल, अगदी चालेल. बचत गटाचा फायदा एवढाच की तिथे पैसा, नातं, शेजार, जात आणि सरकार हे सगळं एकाच सतरंजीवर बसलेलं असतं. इतिहास थोडक्यात: नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, १९९२ मध्ये गट आणि बँक जोडायचा कार्यक्रम सुरू केला, सुरुवात ५०० गटांपासून. महाराष्ट्रात ‘माविम’ म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, आणि २०११ पासून ‘उमेद’ म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान. गटात साधारण १० ते २० बायका. वीसच का, तर जुन्या कंपनी कायद्याप्रमाणे त्याच्यावर माणसं नफ्यासाठी एकत्र आली की नोंदणी लागायची. गणेश मंडळ घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, तिथे दहा दिवसांचा कार्यकर्ता आणि वर्षभराचा कार्यकर्ता ही दोन वेगळी माणसं असतात, दोघांना एकाच यादीत टाकू नका.

५. किती जणींशी बोललं की पुरे?

दोन किंवा तीन गट घ्या, एकाच तालुक्यातले, आणि प्रत्येक गटातल्या जमतील तितक्या सगळ्यांशी बोला, फक्त अध्यक्ष-सचिवांशी नाही. त्यातल्या सहा-सात जणींना वर्षभरात तीन-चार वेळा भेटा. शंभर जणींना एकेकदा भेटून शंभर फॉर्म भरले तर तुमच्याकडे शंभर नमस्कार जमतील, बाकी काही नाही. युनिव्हर्सिटीला आकडा हवाच असेल तर प्रश्न ११ ची पद्धत वापरा, तिथे तीस-चाळीस जणी पुरतात.

६. गावात पहिल्यांदा कुणामार्फत जायचं? सीआरपी (गटांसाठी गावात काम करणाऱ्या) ताईंनी ओळख करून दिली तर चालेल ना?

बहुतेक वेळा दुसरा मार्ग नसतोच. उमेदच्या गावात सीआरपी, माविमच्या गावात सहयोगिनी म्हणजे तिथल्या गटांच्या कार्यकर्त्या, त्यांच्याशिवाय दार उघडत नाही आणि त्यांचा मान ठेवायलाच हवा. पण तुम्ही त्यांच्या बरोबर गेलात की बायका तुम्हाला तपासणीला आलेल्या मॅडम समजतात. मग सतरंज्या अंथरल्या जातात, स्वागतगीत होतं, रजिस्टरं समोर मांडली जातात. पहिला दिवस असा जाऊ द्या, मनापासून हजर राहा, चहा घ्या, काही रेकॉर्ड करू नका. दुसऱ्या वेळी एसटीनं एकट्या जा, दुपारी, मीटिंग नसताना. ज्या दिवशी कुणीतरी ‘मॅडम’ सोडून ‘पोरी’ किंवा ‘ताई’ म्हणेल त्या दिवसापासून डेटा सुरू झाला असं समजा. मुलगे असाल तर जास्त वेळ लागतो, वयस्कर मावशी-आक्कांपासून सुरुवात करा.

७. सगळ्या बायका एकच उत्तर देतात. “आत्मविश्वास वाढला, बँकेत जाता येतं, चारचौघांत बोलता येतं.” आता काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो.

आधी एक, ते उत्तर खोटं समजू नका. या बायकांनी वर्षानुवर्षं ट्रेनिंगं केलीत, पंचसूत्री म्हणजे गट चालवायचे पाच नियम पाठ केलेत, मग दहांची दशसूत्री, दर ८ मार्चला स्टेजवरून मनोगत सांगितलंय. ते शब्द त्यांना कुणीतरी दिलेत हे खरं, पण त्यांनी ते घेतलेत हेही खरं, आणि का घेतले हा तुमच्या अभ्यासाचाच भाग आहे. नुसतं ‘पाठ केलेली उत्तरं’ असं लिहून पुढे गेलात तर बाईवरही अन्याय आणि विषयावरही.

दुसरं, प्रश्न बदला. ‘गटामुळे तुमच्यात काय बदल झाला’ असं विचारलं की भाषणच येणार, कारण तो प्रश्नच भाषणाचा आहे. त्याऐवजी एखाद्या ठरावीक दिवसाचं विचारा. शेवटच्या मीटिंगला कुठल्या कामातून उठून आलात, परत घरी गेलात तेव्हा कोण काय म्हणालं. पहिल्यांदा बँकेत गेलात तेव्हा बरोबर कोण होतं, कुठे उभ्या राहिलात.

हाच प्रश्न मी एका वहिनींना विचारला होता. आधी त्यांनी आत्मविश्वासाचं सगळं सांगून झालं होतं, आवाजसुद्धा स्टेजवरचा. मग बँकेचा पहिला दिवस आठवायला लागल्या आणि एकदम हळू आवाजात म्हणाल्या, काचेचं दार होतं, ढकलायचं की ओढायचं कळेना, आत सगळे बघतायत असं वाटलं, म्हणून पायरीच्या कडेला उभी राहिले, आतून कुणीतरी बाहेर येईल तेव्हा त्याच दारातनं आत जाऊ म्हणून. किती वेळ? अर्धा तास असेल. आणि आता? आता नवीन बाई बरोबर असली की मी मागं थांबते, तिला म्हणते तू ढकल. या एका वाक्यात जे आहे ते ‘आत्मविश्वास वाढला’ मध्ये मावत नाही. तो अर्धा तास, ती पायरी, आणि दुसरीला पुढे करून स्वतः मागे थांबणं. थिसिसमध्ये हे अर्धं पान येऊ द्या, कापू नका.

तिसरं, गप्प राहायला शिका. उत्तर संपलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. शेंगा सोलत बसा, लसूण निवडा, काहीतरी हातात घ्या. पहिलं उत्तर तुमच्यासाठी असतं, थांबल्यावर येतं ते बरेचदा तिचं स्वतःचं असतं.

८. ट्रान्सक्रिप्ट तयार आहेत. त्यात शोधायचं काय?

सर्वनामं आणि क्रियापदं. बाकी थीम वगैरे नंतर.

मराठीत ‘वुई’ला दोन शब्द आहेत हे आपण बोलताना विसरूनच जातो. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर, ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत. बाई तुमच्याशी बोलताना ‘आम्ही बायका कर्ज घेतो’ म्हणते तेव्हा तुम्ही बाहेरच्या असता. त्याच मुलाखतीत तासाभरानं ‘आपल्याला बायकांना कुठं विचारतात’ असं आलं तर तिनं तुम्हाला आत घेतलंय. ती जागा मार्क करा, तिच्या आधी काय बोलणं झालं ते बघा. आणि ‘मी’ कधी येतो तेही. काही जणींच्या अख्ख्या मुलाखतीत ‘मी’ पाच-सहा वेळाच येतो, आणि तो येतो तिथे बहुतेक भांडण, मरण, किंवा पैसे लपवून ठेवल्याची गोष्ट असते.

आता क्रियापदं. गटात येण्याबद्दल या चार बायका काय म्हणतात बघा: ‘मला गटात घातलं’, ‘मी गटात गेले’, ‘आम्ही गट काढला’, ‘मी गट चालवते’. चौघींच्या फॉर्मवर ‘सभासद’ एवढंच लिहिलेलं असतं. तसंच ‘ठरलं’ आणि ‘ठरवलं’. ‘व्याज दोन रुपये शेकडा ठरलं’ म्हणणारी आणि ‘आम्ही दोन रुपये ठरवलं’ म्हणणारी, दोघी त्याच मीटिंगला होत्या.

पण घाई करू नका, इथे फसायला होतं. ‘आम्ही’ म्हणजे ‘मी’ दबलेला असा सरळ हिशोब नाही. काही घरांत बाईनं मी-मी करणं उद्धटपणाचं मानतात, म्हणून ती स्वतःच्या पराक्रमालाही ‘आम्ही’ म्हणते. कधी ‘आम्ही’ ढाल असते. दारूचं दुकान बंद करायच्या मतदानाला, म्हणजे उभी बाटली की आडवी बाटली तेव्हा, आडव्या बाटलीचा प्रचार करणाऱ्या बाईनं ‘मी’ म्हटलं तर उद्या तिच्याच घरासमोर शिव्या. ‘आम्ही’ म्हटलं की वीस घरं झाली. आणि ‘आपण कुणाला भीत नाही’ यातलं ‘आपण’ म्हणजे तर चक्क ‘मी’. म्हणून कंप्युटरवर शब्द मोजून तक्ता करू नका, प्रत्येक जागी वाक्य ऐका, शक्यतो रेकॉर्डिंगच ऐका.

आणि हो, ट्रान्सक्रिप्ट जसं बोलली तसंच टाइप करा. ‘गेलते’ला ‘गेले होते’ करू नका, ‘मपलं’ला ‘माझं’ करू नका.

९. ग्रुप डिस्कशन घेऊ की एकेकीला भेटू? आणि सासू शेजारी येऊन बसली तर?

दोन्ही घ्या पण दोन्हीतून एकच गोष्ट मिळेल अशी अपेक्षा नको. ग्रुपमध्ये गट स्वतःबद्दल काय सांगतो ते कळतं, कोण कुणाचं वाक्य तोडतं, कोण कोपऱ्यात दाराशी बसतं, कुणाच्या बोलण्यावर सगळ्या हसतात. एकटीत दुसरं निघतं. सासू किंवा नवरा येऊन बसला तर उठवायला जाऊ नका, त्यांच्यासमोर ती कशी बोलते हीसुद्धा नोंदच आहे. नंतर शेतावर, नळावर, एसटी स्टँडवर भेट होतेच. खाजगी प्रश्न मात्र त्या वेळी बंद ठेवा, नाहीतर तुम्ही गेल्यावर तिला ऐकून घ्यावं लागतं.

१०. मुलाखतींशिवाय अजून काय बघता येईल?

ठराव वही, म्हणजे प्रोसिडिंग. लिहिणारी बहुतेक वेळा एकच शिकलेली मुलगी किंवा सून असते, वाक्यं ठरलेली, ‘सर्वानुमते मंजूर’. पण खालच्या सह्या बघा. जुन्या वह्यांत अंगठे, मग मध्येच एका महिन्यात अंगठ्याच्या जागी थरथरती सही, अक्षरं रेघेच्या खाली उतरलेली. विचारा त्या महिन्यात काय झालं होतं. सहीचं मोल समजून घ्यायचं असेल तर साताऱ्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला बँक आठवा. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, सभासद बायका निरक्षर, कागदावर अंगठे, हे कारण. मग बायका लिहा-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली.

दुसरं, जानेवारीतलं हळदी-कुंकू. बऱ्याच गटांचा हा मोठा कार्यक्रम असतो. विधवा सभासद त्या दिवशी कुठे असतात, आल्या तर कुंकू लावतात का, लावायला हात कुणाचा पुढे होतो, त्या मान मागे घेतात का. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, मग शासनानंही तसं आवाहन केलं. तेव्हापासून बऱ्याच गटांत यावर बोलणं होतं, पण बोलणं होणं आणि प्रत्यक्ष हात पुढे होणं यात अंतर आहे, आणि ते अंतर तुम्हाला कुठल्याही प्रश्नावलीत सापडणार नाही.

११. क्यू पद्धत म्हणजे काय? अंगठा असलेल्या बाईबरोबर जमते का?

जमते, थोडी मेहनत आहे. आधी गावात फिरून गटाबद्दल लोक काय काय म्हणतात ती वाक्यं गोळा करा, त्यांच्याच तोंडची. ‘गट म्हणजे नुसतं कर्जापुरतं’, ‘गटामुळे घरात भांडणं वाढली’, ‘मीटिंगला गेलं की माहेरी गेल्यासारखं वाटतं’, अशी. त्यातली वेगवेगळ्या बाजूंची निवडा. पुस्तकात चाळीस-पन्नास सांगतात, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी वीस-पंचवीसच्या वर जात नाही. प्रत्येक वाक्याचं एक कार्ड, त्यावर ओळखू येईल असं चित्र. एकेक वाचून दाखवायचं आणि बाईनं तीन ढीग करायचे: पटतं, पटत नाही, अधलंमधलं. मग जमिनीवर खडूनं चौकटी आखायच्या, मधे जास्त, कडेला कमी, आणि सगळ्यात पटणारं एका टोकाला, अजिबात न पटणारं दुसऱ्या टोकाला असं तिनं लावायचं. जागा मोजक्या असल्यामुळे तिला निवड करावीच लागते, सगळ्याला ‘हो चांगलंय’ म्हणता येत नाही. प्रश्न ७ ची अडचण इथे बरीच कमी होते.

नंतरची आकडेमोड उलटी असते. नेहमी आपण प्रश्नांचा एकमेकांशी संबंध बघतो, इथे माणसांचा बघायचा, कुणाची मांडणी कुणासारखी आहे. पीक्यूमेथड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, चालतं. पण खरा ऐवज कार्ड लावताना ती जे पुटपुटते त्यात असतो, रेकॉर्डर तेव्हा सुरू हवा. एक काकू ‘भांडणं वाढली’चं कार्ड हातात घेऊन बराच वेळ बसल्या, आधी नापसंतीकडे ठेवलं, मग उचललं, आणि म्हणाल्या, “वाढली तर वाढली, आधी मी भांडतच नव्हते.”

१२. कर्ज तिच्या नावावर पण पैसे नवऱ्यानं वापरले. मग ती सक्षम झाली असं लिहायचं की नाही?

यावर बांगलादेशात बायकांच्या कर्जावरून मोठा वाद झालेला आहे. काही अभ्यासकांनी दाखवलं की कर्जाचा ताबा पुरुषांकडेच जातो, म्हणजे बाई नावापुरती. नैला कबीर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी मग बायकांनाच विचारलं की तुमच्या लेखी या कर्जाची किंमत काय, आणि चित्र बरंच वेगळं निघालं. माझं म्हणणं, ताबा कुणाचा हे लिहाच, पण तिथे थांबू नका. पैसे नवऱ्यानं बोअरला घातले असतील, पण ‘माझ्या नावावर मिळालं’ हे ती घरात किती वेळा आणि कुणासमोर बोलते? हप्ता चुकला तर गटात मान कुणाची खाली जाते? एखादीला यातून वजन येतं आणि एखादीला नुसता घोर लागतो, दोन्ही मी बघितलंय, कधी कधी एकाच बाईत, पेरणीला एक आणि काढणीला दुसरं. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये खात्यात येतात, तर ते आणि गटाचे पैसे बोलण्यात वेगळे ठेवतात का तेही ऐका.

१३. गावात ‘गट’ म्हणून विचारलं तर बायका फायनान्स कंपनीच्या गटाचं सांगतात. तोही धरायचा का?

धरा पण वेगळा धरा. बोलण्यात दोन्हीला गटच म्हणतात, आणि नवीन मुलं इथे हमखास गोंधळतात. बचत गटात पैसा बायकांचा, व्याज गटात परत येतं, बैठकीत बोलायला जागा असते. फायनान्सच्या गटात कंपनीचा माणूस ठरलेल्या वेळी येतो, हप्ता गोळा करतो, एकीनं नाही भरला तर बाकीच्यांना थांबवून ठेवतात. शेजारणीचा दरवाजा वाजवायला शेजारीणच जाते. तिथे घडणारं आत्मभान वेगळ्या जातीचं असतं, त्यात धाक आणि शरम जास्त. दोन्हीत असलेली बाई मिळाली तर नक्की बोला, पहिला प्रश्न हाच, ‘हप्ता’ म्हटलं की आधी कुठला आठवतो. आणि तिच्यावर वसुलीचा तगादा चालू असेल तर मुलाखत नंतर करा.

१४. आमच्या बीडकडच्या गावात दिवाळीनंतर निम्म्या बायका ऊसतोडीला जातात, गट बंदच पडतो. सोडून गेलेल्यांना ‘ड्रॉपआऊट’ धरू का?

नाही, कृपा करून नाही. कोयत्याला गेलेली बाई गटातून गेलेली नसते. तिच्या हिशोबात वर्ष दोन तुकड्यांत असतं, गावाकडचं आणि कारखान्याकडचं, आणि गावात ‘अध्यक्ष’ असलेली बाई फडात, म्हणजे तोडीच्या उसात, मुकादमासमोर अर्धा कोयता असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, तिचा स्वतंत्र हिशोबच नाही. तिच्या तोंडून दोन्ही जागांचं ऐकणं म्हणजे एकाच बाईची दोन आत्मभानं ऐकणं आहे. जमलं तर फडावर जाऊन भेटा, पहाटे नाही, संध्याकाळी कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर.

खरोखर गट सोडलेल्या मात्र जरूर शोधा. गट फुटला की आपण अभ्यासक लोक दुसऱ्या चालू गटाकडे वळतो, आणि मग आपल्या सगळ्या कहाण्या यशाच्याच होतात.

१५. मी स्वतः त्याच गावातली आहे, आई गटाची सचिव आहे. मग चालेल का?

चालेल, पण आईचा गट सोडून दुसरा घ्या. तुम्हाला बोली, नाती, जुनी भांडणं सगळं माहीत असतं, बाहेरच्याला त्यासाठी दोन वर्षं लागतात. अडचण ही की बायका तुमच्याशी बोलताना ‘तुला माहितीच आहे की’ म्हणून वाक्य अर्धं सोडतात. तिथे न लाजता म्हणा, मावशी माहितीय पण तुमच्या तोंडून सांगा. दुसरी अडचण जात. तुमचं घर कुठल्या आळीत आहे त्यावरून कुठल्या अंगणात तुम्हाला पाणी विचारतात आणि कुठे नाही हे ठरतं, तेही लिहा, स्वतःच्या घराबद्दलही.

१६. नाव बदललं की गुप्तता झाली ना? आणि बोलता बोलता बाई रडायला लागली तर?

नाव बदलून गावात काहीही लपत नाही. ‘क्ष गावची, दोन मुली असलेली, पिठाची गिरणी चालवणारी सचिव’ म्हटलं की तालुक्याला कळतं कोण ती. म्हणून तपशील हलवा, गिरणीचं शिलाई मशीन करा, एकीचेच प्रसंग दोन बायकांत विभागून लिहा, आणि हलवलंय असं पहिल्या प्रकरणात सांगा. गटातल्या दुसरीनं काय सांगितलं ते चुकूनही तिसरीकडे बोलू नका. एका अभ्यासात असं झालं, मुलीनं सहज म्हणून विचारलं ‘त्या म्हणाल्या तुमचा हप्ता थकलाय’, आणि दोन घरांचं बोलणं कायमचं बंद झालं.

रडली तर रेकॉर्डर बंद. पाणी द्या, बसा, घाईनं समजूत घालू नका. मारहाणीचं निघालं तर जवळचं मदत केंद्र, १८१ हेल्पलाइन ही माहिती आधीपासून तुमच्या वहीत लिहिलेली हवी, तेव्हा शोधत बसू नका. ते रेकॉर्डिंग वापरायचं की नाही हे दुसऱ्या दिवशी तिला विचारून ठरवा.

१७. थिसिस इंग्रजीत लिहायचाय. त्यांचे शब्द कसे आणू?

काही शब्द तसेच ठेवा आणि मजकुरात समजावून सांगा. ‘भीड चेपली’ याला इंग्रजीत कॉन्फिडन्स लिहिलंत की संपलं. भीड म्हणजे दुसऱ्याच्या मानासाठी स्वतःला आवरणं, ती चेपते म्हणजे सरावानं, रोजच्या वापरानं बसते, चपलेसारखी. ‘धीर आला’ वेगळं, तो कुणीतरी बरोबर असल्यावर येतो. ‘तोंड उघडलं’ वेगळं, त्यात थोडा धोका आहे. ‘माझी ओळख झाली’ म्हणजे आधी ‘अमक्याची बायको’ होते आणि आता मला नावानं हाक मारतात. हे चारही एकाच कोडखाली, म्हणजे विश्लेषणातल्या एकाच खुणेखाली, टाकलेले मी कितीतरी थिसिसमध्ये बघितलेत आणि फार वाईट वाटतं, कारण फरक बायकांनी स्वतः करून दिलेला असतो.

१८. लिहिलेलं त्यांना परत वाचून दाखवायचं का? नंतर त्यांनी म्हणणं बदललं तर आधीचं खोटं धरायचं?

वाचून दाखवाच, मराठीत, त्यांच्या ओट्यावर बसून. म्हणणं बदललं तर दोन्ही ठेवा, तारखांसकट. एका आक्कांना मी त्यांचीच पहिली मुलाखत दोन वर्षांनी वाचून दाखवत होते, त्यात त्यांचं वाक्य होतं, ‘सासऱ्यांनी मला गटात घातलं.’ त्यांनी हात वर करून थांबवलं, म्हणाल्या असं नको लिहू, मी गेले असं लिही. मी म्हटलं आक्का, तेव्हा तुम्हीच असं सांगितलं होतं. म्हणाल्या, “सांगितलं असंल, तवा तसंच वाटत हुतं.” मग दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली, आणि त्यांनी वही जवळ ओढून दुसऱ्या वाक्यासमोर सही केली.